लेग गार्ड कुणासाठी?

आपल्याकडे क्रॅश बारला सर्रास लेग गार्ड म्हणतात. नावातच पाय आहे, म्हणून तो पाय वाचवतो असं सगळे धरून चालतात. माझी आईसुद्धा. मी क्लासिक ३५० घेतली तेव्हा तिची एकच अट होती, ‘आधी लेग गार्ड बसव, मग कुठं जायचं तिथं जा.’ गाडी १९५ किलोची, मी ५२ किलोची. तिची काळजी रास्त होती.

तिचा नावावरचा विश्वासही उगाच नव्हता. साडी गार्ड साडी सांभाळतो, हे तिनं आयुष्यभर मागं बसून पाहिलंय. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला १२३वा नियम तर मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकायलाच सांगतो. मग लेग गार्डही पाय सांभाळणारच!

गार्ड शोधता शोधता मी हर्ट रिपोर्टपर्यंत पोचले. हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातले मोटरसायकलचे ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१मध्ये अहवाल दिला. क्रॅश बारबद्दल त्यांचा निष्कर्ष सरळ आहे: घोट्याच्या आणि पावलाच्या इजा कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या वाढतात. म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात.

मग बसवायचा कशाला? कारण गाडी पडते ती दर वेळी धडकेत नाही. पार्किंगमध्ये तोल जातो, वळणावरच्या खडीत चाक सरकतं, चिखलात पाय टेकत नाही. अशा वेळी गार्ड आधी जमिनीला लागतो. गिअर लिव्हर, टाकी, इंजिनचं कव्हर वाचतं आणि गाडी उचलायलाही सोपी जाते. ताम्हिणीत रेंज नसताना इंजिनमधून ऑइल गळत नाही, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे.

नाना पेठेत सगळ्यात रुंद, चकचकीत गार्ड आधी पुढं आला. मी तो बाजूला ठेवला. गार्ड जितका बाहेर, तितका आपटल्यावर चासीवरचा पिळा जास्त. चांगला गार्ड आधी स्वतः वाकतो, चासीला वाकू देत नाही. मग वेल्डिंग पाहिलं, दोन्ही बाजूंना नीट आधार आहे का पाहिलं आणि बूट घालून ब्रेक, गिअरपर्यंत पाय मोकळा पोचतो का तेही पाहिलं. शेवटी काळा, पावडर कोटिंगचा, साधा गार्ड घेतला.

गॅरेजमधल्या काकांनी इंजिनखाली जॅक लावला. सगळे बोल्ट आधी हातानंच फिरवले. ‘ताई, भोकं जुळली नाहीत तर हातोडी मारायची नाही. गार्ड परत द्यायचा. ठोकून बसवला की ताण चासीत राहतो.’ भोकं जुळली. मग एकदा इकडचा, एकदा तिकडचा असं करत टॉर्क रेंचनं आवळले. हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून पाहिलं. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा यायला सांगितलं. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर नट सैल करते.

घरी आईनं गार्डवर हात फिरवला आणि निर्धास्त झाली. तिला तसंच राहू देणं सोपं होतं. तिला रात्री झोप लागली असती, मला कटकट राहिली नसती. पण उद्या काही झालं असतं तर मी तिला खोटा धीर दिलेला असता. म्हणून सांगितलं, ‘आई, हा गाडीसाठी आहे.’

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘आणि पायासाठी?’

घोट्यापर्यंतचे रायडिंग बूट आणि नी गार्ड घेतले. गार्डपेक्षा महाग पडले. पाय मोडायचा नाहीच, अशी हमी त्यांचीही नाही, तेही तिला सांगितलं. आता मी निघाले की ती दारात येते आणि आधी माझ्या पायांकडं बघते.