वऱ्हाड निघालंय कोरपन्याहून

मंडळी, पुतण्याचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय. मुलगी रत्नागिरीची, लग्नही तिकडेच. कोरपना, गडचांदूर, राजुरा मिळून आपली चाळीसेक माणसं निघणार. त्यातल्या निम्म्यांनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलाय. "तू साखरपुड्याला जाऊन आला ना, मग तिथं काय काय पाहायचं ते लिहून दे," असं फर्मान सगळीकडून सुटलंय. लिहितो. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे.

साखरपुडा फेब्रुवारीत झाला. आम्ही दहा जण गेलो होतो, सोबत आई. वय शहात्तर, गुडघे कुरकुरणारे. सगळा जन्म पैनगंगेच्या अलीकडे गेलेला. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री परतीची गाडी होती, म्हणजे हातात एक दिवस. मला याद्या करायची खोड आहे हे तुम्हाला माहीतच आहे. टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, आणि सगळं झालं की निवांत समुद्र, अशी यादी केली. गोड शेवटी खावं तसं!

आई प्रत्येक ठिकाणी म्हणाली, "तुम्ही पाहून या, मी बसतो गाडीत." थिबा राजवाड्यापासून जरा पुढे गेल्यावर दूर एक निळी रेघ दिसली. आईने विचारलं, "थेच काय?" मी म्हटलं, "हो, तिथे आपण शेवटी जाणारच आहोत."

शेवट झाला साडेसातला. भाट्याच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. फेसाची पांढरी रेघ तेवढी येत होती, जात होती. आई माझा दंड धरून उभी राहिली. दहा मिनिटांत ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि आम्ही स्टेशनकडे निघालो.

घरी आल्यावर शेजारच्या बाईने विचारलं, "काकू, समुद्र पाह्यला काय?"

"पाह्यला ना माय. लय मोठा हाये."

मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. माझी लाज राखायला माझी आई शहात्तराव्या वर्षी खोटं बोलली. रात्री मी विषय काढला तर एवढंच म्हणाली, "आवाज तं आयकला ना बाबू."

असो. तर आता नवी यादी.

पहिली गोष्ट म्हणजे समुद्र आधी, बाकी सगळं नंतर. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आपण पोचू. आंघोळ, चहा झाला की सरळ भाट्ये. किनारा लांब आणि सपाट, मागे सुरूचं बन. म्हाताऱ्या माणसांना फार चालावं लागत नाही. समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन पाठीवर असतं आणि पाण्याकडे पाहताना डोळे दिपत नाहीत. वाळूही तोवर तापलेली नसते. जवळच नारळ संशोधन केंद्र आहे. कापूस-सोयाबीनवाल्यांनी तिथे जरूर डोकवावं.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. आपल्या पैनगंगेला पूर पावसाळ्यात. इथे पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं, आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून आज दहाला जिथे उभे होतात तिथे उद्या दहालाही तेवढंच पाणी असेल, असं धरून चालू नका. आणि पैनगंगेत पोहणाऱ्या पोरांनो, तुम्हाला खास सांगणं. आपण दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊ. अंतर पंचवीसेक किलोमीटर, आणि बऱ्याच वाटेवर समुद्र सोबत. पण तिथला समुद्र फसवा आहे, चांगले पोहणारे बुडालेत. घोट्याच्या वर पाणी नको म्हणजे नको!

तिसरं ऊन. चंद्रपूरचा पंचेचाळीसचा पारा सोसणारे आपण, रत्नागिरीचे तेहतीस-चौतीस ऐकून हसाल. हसू नका. आपल्याकडे घाम येतो तसा वाळतो. तिथे हवा इतकी दमट की घाम अंगावरच राहतो. कूलर शोधू नका, त्या हवेत त्याचा उपयोग नाही. दुपट्टा सोबत ठेवा, कोकम सरबत पीत राहा.

दुपारी छपराखालच्या जागा. टिळक १८५६ साली जिथे जन्मले ते कौलारू घर आहे. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, १९३१ साली सर्व जातींना खुलं झालेलं पतितपावन मंदिर आहे. थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये तो या वाड्यात राहायला आला आणि १९१६ मध्ये इथेच गेला. यातलं कोणतंही एक पाहा. तिन्ही पाहायचा हट्ट मी केला होता, त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

संध्याकाळी ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी रत्नदुर्ग चढावा. वर भगवतीचं देऊळ आहे आणि तीन बाजूंनी समुद्र. बाकीच्यांनी मांडवीला बसून शेंगदाणे खावेत. सूर्य तिथे आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं उशिरा मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. घाई करायची नाही.

यादी लिहून झाल्यावर काल आईला वाचून दाखवली. "मी नाही येत आता. गुडघे नाही ऐकत," असं ती महिनाभर म्हणते आहे. मी विषय बदलला. म्हटलं, "आई, गडचांदूरच्या सिमेंटला जो चुनखडक लागतो ना, तो फार जुन्या काळी समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. आपण बसलोय तिथे कधीकाळी समुद्र होता."

ती जमिनीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग तो आपल्याच इकडचा म्हन की."

"म्हणजे काय! तो येऊन गेला. आता आपण परतभेटीला जायचं."

ती काही बोलली नाही. तांदूळ निवडत बसली. मी उठणार तेवढ्यात तिने विचारलं,

"सकाऊन किती वाजता जाचं म्हनलं तू?"