नांदूरघाटच्या मेडिकलमधून

२ एप्रिल
पाडवा झाला तशा ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परतू लागल्या. दुपारी एक जण काउंटरवर आला. “भाऊ, भारीची गोळी द्या. मालकिणीला लई थंडी वाजतीय.” ती बाहेर टेम्पोत होती, म्हणून उठून पाहिलं. नडगीवर कोयत्याचा घाव, त्यात हळद भरलेली, भोवतीची कातडी लालजांभळी. श्वास भराभर, हात गार. लेकराचं नाव विचारलं तर भलतंच बोलू लागली. गोळी दिली नाही. १०८ ला फोन लावला. केजवरून थेट अंबाजोगाईला, स्वाराती रुग्णालयात.

४ एप्रिल
तिला सेप्सिस आहे. जंतूंशी लढताना शरीराचा प्रतिकारच बेभान होतो, रक्तदाब पडतो, किडनी-फुप्फुसं दगा देऊ लागतात. जंतू कोणता हे सांगणारा कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टरांनी अंदाजानं औषध चालवायचं.

६ एप्रिल
तिच्या नवऱ्यानं रिपोर्टचा फोटो पाठवला. क्लेबसिएला नावाचा जंतू. एकेका औषधापुढं आर, म्हणजे लागू पडत नाही. मेरोपेनेमसारख्या भारी औषधापुढंही आर! आता कोलिस्टिन सुरू केलंय. हे किडनीला जड म्हणून मागं पडलेलं जुनं औषध, दुसरं काही उरलं नाही तेव्हा परत काढावं लागलं. आणि तेच आपल्याकडं कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून खाद्यात घालत होते. २०१९ मध्ये सरकारनं बंदी घातली. फार उशीर केला. एच-वन रजिस्टरमध्ये मी एकेका स्ट्रिपची नोंद ठेवतो आणि तिकडं पोत्यानं औषध पोल्ट्रीत जात होतं, याचा राग आज दिवसभर गेला नाही.

९ एप्रिल
रात्री वाचत बसलो. कोलिस्टिन हे मुळात पेप्टाइडच, मातीतल्या जीवाणूनं बनवलेलं. अमिनो आम्लांची छोटी साखळी, धन भाराची. जंतूच्या आवरणावर ऋण भार असतो, तिथं ती चिकटते आणि आवरण फाडते. अशी पेप्टाइडं प्राण्यांच्या अंगातही असतात. अमेरिकेत मायकेल झॅसलॉफ यांच्या प्रयोगशाळेत शस्त्रक्रिया झालेले बेडूक घाण पाण्यात राहूनही त्यांच्या जखमा चिघळत नव्हत्या. १९८७ मध्ये त्यांनी बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन वेगळं काढलं. माणसात एलएल-३७ आहे, ३७ अमिनो आम्लांचं. ते जंतू मारतं, शिवाय फुटलेल्या जंतूतून सुटणारं एंडोटॉक्सिनही धरून ठेवतं. क्लेबसिएलासारख्या जंतूंच्या सेप्सिसमध्ये आग भडकते ती मुख्यतः याच विषानं, म्हणून माझी आशा या दुसऱ्या गुणावर जास्त आहे.

पण रक्तातली एन्झाइमं पेप्टाइड लवकर तोडतात, डोस वाढवला तर तांबड्या पेशीही फुटू शकतात, बनवायला महाग. याच जातीच्या बीपीआय प्रथिनाची चाचणी मेंदुज्वराच्या जंतूंनी सेप्सिस झालेल्या मुलांवर झाली. २००० मध्ये निकाल आला: हातपाय कापावे लागण्याचं प्रमाण कमी दिसलं, मृत्यू मात्र ठामपणे म्हणावेत इतके घटले नाहीत. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत सुझन इडिक्युला-थॉमस यांच्या गटानं अशा पेप्टाइडांचा ‘कॅम्प’ नावाचा संग्रह उभा केलाय, २०१० पासून जगाला खुला. नवी साखळी जंतू मारेल का, याचा अंदाज त्यावर बांधता येतो. परळात हे काम चालतं, हे बीडच्या बी.फार्म.च्या पोरांना कुणी सांगत नाही.

१२ एप्रिल
डॉ. अभय आणि राणी बंग यांचं गडचिरोलीचं काम पुन्हा वाचायला काढलं. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचा सेप्सिस घरीच ओळखला, जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं. औषध जुनंच होतं, वेळेवर पोचलं. नवं पेप्टाइड उद्या आलं तरी नांदूरघाटला ते टेम्पोच्या आधी पोचायला हवं.

१६ एप्रिल
तिची किडनी सावरतेय, क्रिएटिनिन उतरतंय, ताप नाही. नवरा म्हणाला, तोडीवर असतानाच ताप होता, पण खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो. पुढच्या हंगामाच्या आधी टोळ्यांना लक्षणं सांगायची ठरवलं: थंडी भरणं, धाप, लघवी कमी होणं, बरळणं. आशाताई यायला तयार आहेत. मुकादमांनाही बोलावणार.