पोर्ट ३३८९ आणि एक शेरा

आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवरील सारी खाती एका रात्रीत कुलूपबंद होऊन पडद्यावर खंडणीची मागणी झळकली, त्या प्रकरणी एका निरपराध कारकुनांच्या सेवापुस्तिकेत ‘निष्काळजीपणा’ असा जो शेरा मारला गेला, त्याचे शल्य चौकशी समितीचा सभासद या नात्याने सर्व कागद पाहिलेल्या मला आजही बोचते.

सर्व्हरची देखभाल पाहणाऱ्या पुरवठादाराच्या माणसांना केव्हाही ‘रिमोट घेता’ यावा म्हणून राउटरवर पोर्ट ३३८९ कायमचा खुला ठेवला होता. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा हा ठरलेला पोर्ट असल्याने तो अहोरात्र बाहेरून चाचपला जातो, हे त्या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक असते. परंतु कारकुनांनी आदल्या दिवशी पेनड्राइव्ह लावला होता, एवढ्याच आधारावर नोटीस निघाली ती त्यांना.

मी सर्व्हरची लॉगवही उघडून बसलो. ४६२५, म्हणजे फसलेल्या लॉगिनची नोंद, ओळीमागून ओळ; नाव कधी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’, कधी ‘टेस्ट’, कधी ‘बॅकअप’; आणि त्या रांगेच्या अखेरीस, पहाटेच्या प्रहरी, ‘सपोर्ट’ या नावाने एकच ४६२४, प्रवेश मिळाल्याची. हे खाते पुरवठादाराने स्वतःच्या सोयीसाठी उघडलेले, पासवर्ड म्हणजे संस्थेचे नाव आणि पुढे १२३. असे खाते आहे याची कारकुनांना वार्ताही नव्हती. ती पाने छापून, खुणा करून मी समितीपुढे ठेवली. अध्यक्षांनी ती उलटली, ‘हे तांत्रिक आहे’ असे म्हणून फाइलीला लावण्याचा हुकूम दिला, आणि पुरवठादाराचे त्या महिन्याचे बिल त्याच बैठकीत मंजूर झाले!

जोडणी पूर्णतः एन्क्रिप्टेड होती, असा पुरवठादाराचा खुलासा. तो खराच होता. पूर्वी दूरच्या संगणकावर शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टेलनेटवर पासवर्ड तारेतून उघडाच वाहत असे. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यावर टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही एन्क्रिप्टेड जोडणीची पद्धत रचली, ती हा उघडेपणा संपवण्यासाठी. परंतु एन्क्रिप्शन वाटेत कान लावून बसलेल्यापासून रक्षण करते. पासवर्ड अदमासाने ओळखणाऱ्यास ते अडवीत नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने असंख्य कॅमेरे आणि राउटर काबीज केले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते म्हणून. तेव्हा संचालकांनी करारनाम्यातच कलम घालावे: प्रवेश व्हीपीएनमधूनच, सोबत ओटीपी, काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद, आणि काम असेल तेवढ्याच मुदतीपुरती परवानगी.

त्या दिवसांत रिमोट सर्वथा बंद करावा, असा माझा आग्रह असे. पुढे अतिवृष्टीत घाटरस्ता खचला असता पलीकडील शाखेचा ठप्प झालेला सर्व्हर व्हीपीएनमधूनच सुरू झाला आणि ताटकळलेल्या ठेवीदारांना पैसे मिळाले, तेव्हा तो आग्रह मी सोडला. कोणी, किती वाजता, कोणत्या कामासाठी रिमोट घेतला याची दप्तरी नोंद ठेवावी, ही माझी सूचना मात्र व्यवस्थापकांनी अद्याप अमलात आणलेली नाही.