टायरांची पारख

टायर हा काही ललितलेखनाचा विषय नव्हे, असे आमचे काही साहित्यप्रेमी स्नेही म्हणतील. म्हणोत बापडे. ज्या घरात मोटार आहे आणि त्या मोटारीतून घरची माणसे रोज ये-जा करतात, त्या घरात या काळ्या रबरी वर्तुळांचा विचार निदान स्वयंपाकघरातील गॅसच्या नळीइतका तरी व्हावयास हवा. आमच्या घरी तो यंदा झाला, आणि त्याला निमित्त झाले आमचे धाकटे बंधू.

हे बंधू गेली अनेक वर्षे कॅनडात, माँट्रियल येथे वास्तव्य करून आहेत. नोव्हेंबर उजाडला की दूरध्वनीवर त्यांचा एकच विषय असतो, तो म्हणजे हिवाळी टायर. त्यांच्या क्वेबेक प्रांतात २००८ सालापासून थंडीच्या दिवसांत मोटारीला हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे झाले. प्रारंभी ही सक्ती १५ डिसेंबरपासून असे. २०१९ पासून ती १ डिसेंबर ते १५ मार्च अशी झाली आहे. त्यामुळे तेथील प्रत्येक कुटुंबाजवळ टायरांचे दोन संच असतात. आपण जशा दिवाळीनंतर माळ्यावरून दुलया काढतो, तसे ते तळघरातून टायर काढतात. मग कोणत्या कंपनीचा टायर बर्फावर लवकर थांबतो, कोणता गोठलेल्या पाण्यावर घसरतो, कोणता आवाज करतो, याची तुलना आठवडाभर चालते. यंदा ही सारी चर्चा संपल्यावर बंधूंनी सहज विचारले, "दादा, तुझ्या गाडीचे टायर किती वर्षांचे झाले रे?"

"सहा," आम्ही म्हणालो.

"पोर रोज त्याच गाडीने कामावर जाते ना?"

या एका प्रश्नाने आम्हांस टायरांच्या अभ्यासास बसविले. आमची कन्या जामबागेतून निघून शहराच्या पश्चिमेस नोकरीला जाते, आणि आठवड्यातून दोनदा तरी कामानिमित्त बाह्यवलय मार्गाने, म्हणजे ज्याला सारे 'रिंग रोड' म्हणतात त्याने, रात्री उशिरा परतते.

आमच्या मराठीत बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी पट्ट्यास 'धाव' असा सुरेख शब्द आहे. लोहार ती धाव तापवून लाल करी, ती प्रसरण पावली की लाकडी पाट्यांवर बसवी आणि वर पाणी ओती. धाव आकसून चाकाला घट्ट आवळून बसे. उष्णतेचा नियम आम्ही विद्यार्थ्यांना या उदाहरणानेच शिकवीत आलो. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेली रबरी धाव चाकावर बसविली आणि लोखंडाची जागा रबराने घेतली. पण उष्णतेचा नियम काही सुटला नाही, फक्त त्याचे रूप पालटले. रबर थंडीत कडक होते. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर इतके ताठर होते की ते रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत शिरत नाही, आणि पकड म्हणजे तरी दुसरे काय? हिवाळी टायरच्या रबराचे मिश्रण असे असते की ते कडाक्याच्या थंडीतही मऊ राहते. शिवाय त्याच्या नक्षीवर शेकडो बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. अस्सल हिवाळी टायरच्या कुशीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चिन्ह असते.

आता ही ७ अंशांची कसोटी हैदराबादला लावून पाहू. आमच्या शहरातील नीचांकी तापमानाची नोंद ८ जानेवारी १९४६ ची आहे, ६.१ अंश. उच्चांक २ जून १९६६ चा, ४५.५ अंश. म्हणजे नोंदीच्या हिशेबाने पाहता, हैदराबादेत हिवाळी टायर विकत घेण्यास योग्य अशी एक पहाट आमच्या जन्माच्याही आधी होऊन गेली! उलट मे महिन्यातील तापलेल्या डांबरावर तो मऊ टायर खोडरबरासारखा झिजेल आणि ब्रेक दाबल्यावर गाडी लांब जाऊन थांबेल ती वेगळीच. बंधूंचा सर्वोत्तम टायर आमच्या दारी निरुपयोगी ठरतो, तो असा.

गंमत अशी की हिवाळी टायरांतही एकच श्रेष्ठ असा कोणी नाही. आमची एक भाची जर्मनीत श्टुटगार्टला असते. जर्मनीतही २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर ते डोंगराचे चिन्ह असावेच लागते. पण तिच्या गावचा हिवाळा बव्हंशी ओला, चिखलाचा. माँट्रियलचा हिवाळा शुष्क, गोठलेला. म्हणून युरोपच्या मध्यभागी वापरावयाचा हिवाळी टायर पावसात चांगला थांबतो आणि निखळ बर्फावर कमी पडतो. फिनलंड-स्वीडनसारख्या उत्तरेकडील देशांचा मऊ टायर बर्फाला चिकटतो, पण ओल्या डांबरावर त्याची फजिती होते. जर्मनीतील मोटारचालकांची एडीएसी ही संघटना दरवर्षी अनेक टायर कोरड्या, ओल्या, बर्फाच्या आणि गोठलेल्या रस्त्यांवर पळवून, झीज, आवाज व इंधन यांसकट निकाल जाहीर करते. त्या निकालपत्रांतही आम्हांस शाळेतलेच दृश्य दिसले. गणितात पहिला आलेला भाषेत मागे, भाषेतला पहिला चित्रकलेत नापास.

जपानची हकीकत तर सांगण्यासारखीच आहे. तेथे पूर्वी टायरांत लोखंडी खिळे बसवीत. बर्फावर त्यांची पकड अप्रतिम. पण बर्फ नसेल तेथे ते खिळे रस्ताच किसून काढीत. सेंदाईसारख्या शहरांत त्या धुळीने लोकांचा श्वास कोंडू लागला. अखेर १९९० साली जपानने कायदा करून अशा टायरांना आळा घातला. ब्रिजस्टोन कंपनीने १९८८ मध्ये 'ब्लिझॅक' हा बिनखिळ्यांचा टायर आणला होता, त्याचे रबर सूक्ष्म छिद्रांचे असून ते बर्फावरचा पाण्याचा पातळ थर टिपून घेते. घसरण होते ती त्या पाण्याच्या थरामुळे, ही गोष्ट त्यातून साऱ्यांच्या ध्यानी आली.

पाण्याचा थर! येथे मात्र हैदराबादकराने कान टवकारावेत. आमचा बर्फ म्हणजे आमचा पाऊस. ऑगस्ट २००० चा आणि ऑक्टोबर २०२० चा पाऊस कोण विसरेल? पण तसे महापूर सोडून द्या. त्यांत कुठलाच टायर तारीत नाही, गाडी घरी ठेवणे हाच उपाय. धोका आहे तो साध्या, रोजच्या पावसाचा. मृगाच्या पहिल्या सरीत महिनोन् महिने साचलेली धूळ आणि तेल यांचे बुळबुळीत लेपन रस्त्यावर तयार होते. आमच्या जामबागेत तर फुलवाल्यांच्या दुकानांपुढे चिरडलेल्या झेंडूंची त्यात भर पडते, आणि विवेकवर्धिनीपर्यंत जाताना स्कूटरवाले कसे पाय टेकीत जातात ते आम्ही पाहत असतो. सवारीची मोटार मात्र या गर्दीत सावकाश चालते म्हणून निभावते. खरी परीक्षा वेगाची.

येथे थोडे गणित करावे लागेल. वाचकांनी आमच्या पेशाला क्षमा करावी. समजा, मोटारीचे वजन १,००० किलो. प्रत्येक चाकावर २५० किलो आले. टायरमधील हवेचा दाब ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला की प्रत्येक टायर जमिनीला टेकतो ती जागा सुमारे १२० चौरस सेंटिमीटर येते. आपले पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. सारे कुटुंब चार पोस्टकार्डांवर बसून प्रवास करीत असते! पाऊस पडला की या पोस्टकार्डाखालचे पाणी बाजूला सारण्याचे काम नक्षीच्या खोबणी करतात. त्यांना ते जमले नाही तर टायर पाण्यावर तरंगू लागतो, सुकाणू हलके लागते आणि ब्रेक दाबून उपयोग होत नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ मध्ये याचा एक स्थूल नियम दिला. खोबणींना न आवरणारे पाणी साचलेले असेल तर ३० पौंड दाबाचे चाक ताशी ९० किलोमीटरच्या आसपास तरंगू लागते. दाब २० पौंडांवर आला तर ७५ च्या आसपास. मोटारीच्या बाबतीत हा केवळ अंदाज समजावा; कित्येकदा त्याहून कमी वेगातही हे घडते. आणि आमचा बाह्यवलय मार्ग १५८ किलोमीटर लांबीचा. २०२३ मध्ये त्यावरील कमाल वेगमर्यादा ताशी १०० वरून १२० करण्यात आली. ही मर्यादा कोरड्या दिवसाची समजावी, असे आम्ही कन्येला त्याच रात्री बजावले. "बाबा, मी पावसात ७० च्या वर जात नाही," ती म्हणाली. आम्हांस बरे वाटले. परंतु गणित बरे वाटण्यावर चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या कंपासपेटीतील पट्टी घेऊन आम्ही गाडीखाली वाकलो. नवीन टायरची खोबण सात-आठ मिलिमीटर खोल असते. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांना टेकली की १.६ मिलिमीटर उरले, टायर संपला असे समजावयाचे. आमच्या मागच्या टायरांत ४ मिलिमीटर निघाले, पुढच्यांत जेमतेम २. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असल्याने ती लवकर झिजतात. कुशीवरील चार अंकी आकडाही वाचला. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबराला तडे नव्हते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी वापरू नयेत, असे अनेक उत्पादक सांगतात; आमच्याकडचा उन्हाळा पाहता दहा वर्षे ही आम्हांस फारच उदार मुदत वाटते.

"कायद्याने अजून चालतील," आम्ही सौभाग्यवतींना सांगितले. त्या पोळ्या लाटीत होत्या. "कायदा शाळेत शिकवा," त्या म्हणाल्या. "पोर पावसात रात्री अकराला येते."

दुकानी गेलो. दुकानदार जुन्या परिचयाचे. त्यांनी तीन नमुने पुढे ठेवले आणि प्रत्येकाचे एकच वर्णन केले, किती हजार किलोमीटर चालेल. आपल्याकडील गिऱ्हाईक दुसरे काही विचारीतच नाही, त्याला ते तरी काय करणार? परंतु पुष्कळदा जो टायर जास्त टिकतो तो कडक असतो, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला कमी धरते. आम्ही ओल्या पकडीबद्दल विचारले तेव्हा ते हसले. युरोपात टायरवर चिठ्ठी असते आणि तीत ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी छापलेली असते. उत्तम श्रेणीचा आणि तळच्या श्रेणीचा टायर यांत, ताशी ८० च्या वेगातून थांबताना, १८ मीटरपर्यंत अंतर पडू शकते असे तेथील यंत्रणा सांगते. १८ मीटर म्हणजे चार मोटारी एकामागे एक! आपल्याकडेही केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये नियम दुरुस्त करून ओली पकड, घरंगळताना होणारा विरोध आणि आवाज यांच्या कसोट्या घातल्या, हे स्वागतार्ह आहे. पण ती उत्तीर्णतेच्या ३५ गुणांसारखी अट झाली. पहिला वर्ग कोणाचा, हे गिऱ्हाइकाला त्यावरून कळत नाही. तिन्हींपैकी एक टायर तीच कंपनी युरोपातही विकते, हे कन्येने तेथल्या तेथे दूरध्वनी-यंत्रावर शोधले, आणि त्याची तेथील ओली श्रेणी पाहून आम्ही तो निवडला. तो सर्वांत टिकाऊ नव्हता, आणि स्वस्तही नव्हता.

दोन आता, दोन पुढील वर्षी असे ठरले. मग खरा वाद उद्भवला. दुकानातील कारागीर नवे टायर पुढे बसवू लागला. आम्ही म्हणालो, मागे बसवा. "साब, नवे टायर सामने डालते, पीछे नक्को," त्याने समजावले. पण पाण्यावर पुढची चाके तरंगली तर गाडी सरळ जाते, वेग कमी करता येतो. मागची तरंगली तर गाडीच भोवऱ्यासारखी फिरते, आणि ती भल्याभल्या चालकाला आवरत नाही. म्हणून जास्त खोल नक्षी नेहमी मागे. दुकानदारांनी मान डोलावली, कारागिराने खांदे उडविले, आणि मागचे जुने टायर पुढे आले.

चौथ्या चाकाचे काम चालू असताना कारागिराने डिकीतील 'स्टेपनी'ची हवा पाहिली. हा शब्द कुठला, हे आम्ही त्याला विचारले. त्याला वाटले, इंग्रजीच. इंग्रजीच आहे, पण आज विलायतेत तो फारसा कोणास ठाऊक नसावा. वेल्समधील लनेथली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ साली पहिले जादा चाक बनले, त्या रस्त्याचे नाव आपल्या तोंडी राहिले. त्याच्या स्टेपनीत हवा मात्र १४ पौंड निघाली.

पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी गाडी निघण्यापूर्वी टायर गार असताना, हवा तपासण्याचे काम आता कन्येने स्वतःकडे घेतले आहे. चाके तापली की दाब वाढलेला दिसतो, म्हणून गारच तपासावयाचा. पट्टी गाडीतच ठेविली आहे. परवा रविवारी गल्लीतील शेजारी ती मागून घेऊन गेले; त्यांच्या गाडीचा उजवा पुढचा टायर एक मिलिमीटर भरला. ते सोमवारी नांदेडला निघणार होते. मंगळवारी निघाले.