आरंभीची शिल्लक

मुलगा पदवीच्या शिक्षणासाठी पुण्यास वा मुंबईस गेला की काही महिन्यांतच घरी फोन येतो. नेतृत्वविकासाचा एक अभ्यासक्रम आहे, शुल्क अमुक आहे, वर्गातील बरेच जण जात आहेत. पोते उघडून धान्याचा नमुना तळहातावर घेतल्याखेरीज जो गृहस्थ सौदा करीत नाही, तो येथे मात्र माहितीपत्रकावरील छायाचित्रे पाहून पैसे पाठवून मोकळा होतो.

प्रशिक्षणाचा उपयोग मोजण्याची एक जुनी रीत आहे. अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : शिकणाऱ्यास वर्ग कसा वाटला, तो काय शिकला, त्याच्या वागण्यात काय बदलले आणि त्यातून प्रत्यक्ष काय निष्पन्न झाले. अखेरच्या दिवशी भरून घेतला जाणारा अभिप्रायाचा कागद ही केवळ पहिली पायरी होय. भोजन उत्तम आणि वक्ता विनोदी असला, की त्या कागदावर गुणांची खैरात होते. बहुतेक संस्था याच कागदावर थांबतात. कारण तिसरी पायरी पाहायची तर सहा महिन्यांनी पुन्हा विद्यार्थ्याकडे जावे लागते.

दुसरी उणीव व्यापाऱ्याच्या चटकन ध्यानी यावी अशी आहे. आरंभीचा साठा नोंदला नसेल तर वर्षअखेरीचा नफा कोणालाही काढता येत नाही. अशा वर्गांना मुळात धीट मुलेच अधिक जातात. ती वर्ग संपल्यावरही धीट असतात आणि श्रेय वर्गाच्या खाती जमा होते. स्वतःला गुण देण्याच्या पद्धतीतही एक मेख आहे. आरंभी स्वतःस दहापैकी आठ गुण देणारा विद्यार्थी खरोखर काही शिकला, तर अखेरीस सहाच देतो. कारण आपल्याला काय येत नाही हे त्यास आता उमगलेले असते. आकडा घटला म्हणून तो वर्ग वाया गेला असे म्हणता येईल काय?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या या पुरुषाने साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. त्यांनी मिळून काम करावे आणि शिकावे, असा तेथील शिरस्ता होता. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. नेतृत्व हा विषय तेथे कोणत्याही वेळापत्रकात नव्हता. आजच्या काळात त्याच्या जवळ जाणारी सोय म्हणजे १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, हे तिचे स्वरूप. काही महाविद्यालयांत हे तास कागदावरच भरतात, हे खरे. परंतु जेथे ते गावात भरतात, तेथे पाण्याची व्यवस्था बिघडली की ती कोणी तरी सावरावी लागते. वातानुकूलित सभागृहातील दोन दिवसांत अशी वेळ येत नाही.

घरच्यांना तिसरी पायरी पाहण्यास कोणतीही प्रश्नावली लागत नाही. सुट्टीत पेढीवर आलेला मुलगा वृद्ध मुनीमजींचे बोलणे पूर्ण होऊ देतो का? वसुलीस गेलेल्या माणसाने चूक केली, तर ती चारचौघांत उगाळतो का? प्रतिक्रमणात दिवसाचे दोष दिवसासच आठवण्याची सवय ज्या घरात आहे, तेथे हे निरीक्षण अवघड जाऊ नये.

एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मुलाच्या अभ्यासक्रमासाठी तत्काळ निघणारे पैसे त्याच महाविद्यालयातील मुलीसाठी का निघत नाहीत? तिला पुढे सासरी जायचे आहे, हे उत्तर अजूनही ऐकू येते. वास्तविक, वर्गात गप्प बसण्याची सवय लावलेल्या मुलीची आरंभीची शिल्लक कमी असते आणि चांगल्या वर्गाने पडणारा फरक तिच्याच बाबतीत सर्वाधिक दिसू शकतो.

चौकशीस गेल्यावर हे प्रश्न विचारले, की काही संचालक माहितीपत्रकच पुन्हा पुढे सरकवतात. काही जण मात्र मागील वर्षीच्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी, त्यांच्या संमतीने, बोलणे करून देतात. त्यास अर्धा तास पुरतो.