मुकं दुकान

साडीच्या दुकानातला गादीवरचा माणूस मोठा बोलका असतो. घडी उलगडता उलगडता काठ, पदर, पोत सारं ऐकवतो. तेच दुकान वेबसाइटवर गेलं की मुकं होतं!

नुकत्याच मिळवत्या झालेल्या माझ्या एका अंध विद्यार्थ्यानं यंदा भाऊबीजेची साडी स्वतः निवडायची ठरवली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी 'एनव्हीडीए' ही आज्ञावली त्याच्या संगणकात आहे. फुकट मिळते, बरं का! ती आपली म्हणत राहिली, "चित्र... चित्र... बटण." चित्रामागं चार शब्द लिहावेत, बटणाला नाव द्यावं, माऊसवाचून नुसत्या कळांवर सारं चालावं, एवढंच तर हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं खासगी सेवांनाही ही सोय करायला सांगितलं आहे.

अखेर साडी बहिणीनंच निवडली. ओवाळणीच्या ताटात ती अवचित ठेवायचं त्याच्या मनात होतं.