गडावर जाताना पायात काय?

चंदगड तालुक्यातला कलानिधीगड, म्हणजे जुन्या माणसांचा काळानंदीगड, बेळगावकरांना एका दिवसात सहज होतो. वेंगुर्ला रस्त्यानं पाटणे फाटा, तिथून कलिवडे आणि पुढं पायी. कॉलेजच्या मुलांना न्यायचं ठरलं की पहिली चर्चा डब्यांची होते. मी मात्र आधी सगळ्यांचे पाय बघतो.

चढताना कुठलंही पायताण चालून जातं. खरी परीक्षा उतरताना. लाल मातीच्या उतारावर जांभ्याचे बारीक खडे गोट्यांसारखे पायाखालून पळतात. तिथं तळाला खोल खाचा असलेलाच बूट धरतो. शिवाय उतारावर पाय पुढं सरकतो, बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि दुसऱ्या दिवशी नखं काळी पडतात. म्हणून बूट घेताना जाड मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना बघावेत. बोटांपुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. नवे बूट आठवडाभर घरी-बाजारात वापरल्याशिवाय गडावर नेऊच नयेत.

एकदा अथणीकडची एक मुलगी कोल्हापुरी घालून आली. चप्पल तिच्या वडिलांनी शिवलेली. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्र-कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात आपलं बेळगावही आहे, तेव्हा अभिमान तिला होता तसा मलाही. पण चामड्याचा तळ दवानं ओल्या दगडावर थांबत नाही. पहिल्याच चढाला ती म्हणाली, "सर, जारतैति री!" माझ्या पिशवीत एक जादा कॅनव्हासचा जोड असतो. तो तिनं घातला आणि वडिलांची चप्पल कागदात गुंडाळून पाठीवर घेतली.

हजारोंचे ट्रेकिंग बूट हवेतच असं नाही. ते नाहीत म्हणून एखाद्या मुलानं सहलीला नाव न देणं मला पटत नाही. रबरी खाचांचे साधे हंटर बूट एका दिवसाच्या गडाला पुरतात. घोटा आधीच दुखावलेला असेल तर मात्र उंच बूट बरा.

आणखी एक. कपाटात पाच-सहा वर्षं पडून राहिलेला बूट दिसायला नवाच वाटतो, पण फोमचा तळ आपल्या दमट हवेत आतून भुसभुशीत होतो आणि नेमका अर्ध्या वाटेवर सुटतो. निघण्याआधी तो हातानं वाकवून बघावा. पिशवीत सुतळी ठेवावी. बुटाला चार वेढे घातले की कलिवड्यापर्यंत तरी उतरता येतं.